यंत्राला न दिसणारी इच्छा

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या दोघांनी ३८२ स्त्रिया आणि ३१२ पुरुषांच्या कामक्रियेचा प्रयोगशाळेत अभ्यास केला. हृदयाचे ठोके, रक्तदाब, श्वास, स्नायूंचा ताण असे सगळे टिपून घेतले. १९६६ साली त्यांचे पुस्तक आले आणि अनेक जुने गैरसमज गळून पडले. स्त्रीचे अमुक प्रकारचे सुख 'परिपक्व' आणि तमुक प्रकारचे 'अपरिपक्व', हे मनोविश्लेषक फ्रॉइडचे म्हणणे त्यांच्या नोंदींपुढे टिकले नाही. उतारवयात कामजीवन संपतेच, ही समजूतही खोटी ठरली. या संशोधनाचे आपल्यावर मोठे ऋण आहे.

पण त्यांनी मांडलेले चार टप्पे पाहा. उत्तेजना, स्थिरावस्था, परमोच्च क्षण आणि शेवटी शरीर पूर्ववत होणे. यात इच्छा कुठेच नाही! कारण उघड आहे. प्रयोगाला आलेली माणसे स्वतःहून आलेली होती, आणि त्यातूनही कामपूर्तीचा अनुभव असणारीच निवडली होती. इच्छा आहे, हे आधीच धरून चाललेले. पुढे १९७०च्या दशकात हेलन सिंगर कॅप्लन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी इच्छेला स्वतंत्र टप्पा मानले. त्यांच्यासमोर रुग्ण बसत होते, आणि त्यातल्या कित्येकांची तक्रारच मुळी इच्छेची होती.

औषधाच्या बाबतीतही हेच घडले. लिंगाच्या ताठरतेसाठी असलेल्या व्हायग्रा या गोळीला १९९८ साली मान्यता मिळाली आणि असंख्य पुरुषांना तिचा खरोखर उपयोग झाला. मग फायझर कंपनीने हेच औषध स्त्रियांवर तपासले. औषधाने रक्तप्रवाह वाढत होता, पण त्यामुळे ओढ वाटतेच असे दिसेना. २००४ साली कंपनीने तो नाद सोडला. शरीर तयार होणे आणि मनाला हवेसे वाटणे या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे त्या चाचण्यांतूनही पुढे आले.

एखादी बाई म्हणते, "मला इच्छाच होत नाही." थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, चालू असलेल्या गोळ्या, सगळे तपासायलाच हवे. पण रिपोर्ट नॉर्मल आला की बहुतेक घरांत विषय मिटतो आणि दोष तिच्या माथी बसतो. खरे प्रश्न तिथून पुढे सुरू होतात. खोलीच्या दाराला कडी आहे का? भिंतीपलीकडे कोण झोपते? दिवसभर तिच्याशी कोण कसे बोलले? मागच्या वेळी ती "आज नको" म्हणाली, तेव्हा नवरा काय म्हणाला? रक्ताच्या कोणत्याही तपासणीत याची उत्तरे सापडत नाहीत. आणि हे प्रश्न पुरुषालाही विचारावे लागतात; नोकरीच्या धास्तीने खचलेल्या नवऱ्याला नुसती गोळी लिहून देणे हा अर्धाच उपचार.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. लैंगिक अत्याचार होत असताना काही जणांचे शरीर आपोआप प्रतिसाद देते. ती निव्वळ शारीरिक क्रिया असते. पण "माझ्या शरीराने साथ दिली, म्हणजे माझीच चूक" या विचाराने माणसे वर्षानुवर्षे आतल्या आत कुढतात. त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवे की शरीराचा प्रतिसाद हा होकार नसतो. होकार माणूस देतो, आणि तो त्या माणसालाच विचारावा लागतो.

म्हणून डॉक्टरांकडे जायला लाजू नका, तपासण्या करून घ्या, गोळी लागली तर घ्या. पण जोडीदाराला काय हवे आहे आणि काय नको, हे त्याला किंवा तिलाच विचारा. उत्तर "नको" असेल, तर कारण मागत बसू नका.