वही कुणी तपासायची?

"मोजणी झाली. आता कागद कधी देणार?"

आजींनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर उकिडवी बसून टेपचं एक टोक धरलं होतं. दुसरं टोक माझ्या मैत्रिणीकडे होतं. त्या बोलल्या त्यांच्या वारलीत, आम्हाला अर्धंमुर्धं कळलं, आणि ते मी इथे माझ्या मराठीत लिहितेय. पण 'मोजणी' आणि 'कागद' हे दोन शब्द त्यांचेच.

मी हसून म्हणाले, "कागद आमच्याकडेच राहणार, आजी. कॉलेजात लावणार तो."

त्या काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि आमच्यासाठी कोरा चहा घेऊन आल्या.

तेव्हा मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमची स्टडी टूर डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावर गेली होती. चाळीसेक मुलं, दोन शिक्षक, एक बस, तीन दिवस. काम होतं 'मेजर्ड ड्रॉइंग'चं. म्हणजे एखादं जुनं घर निवडायचं, त्याची प्रत्येक भिंत, दार, खांब मोजायचा, वहीत कच्ची आकृती काढून त्यावर मापं लिहायची आणि परत आल्यावर ते सगळं स्केलमध्ये काढायचं. आजींचं घर आमच्या गटाच्या वाट्याला आलं. कारवीच्या काठ्यांचे कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर कौलं, आत भाताची कणगी. अभ्यासक्रमात ज्याला 'स्थानिक वास्तुशैली' म्हणतात, त्याचा अगदी छान नमुना.

त्या ड्रॉइंगला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. शीट वर्षभर कॉरिडॉरमध्ये लटकत होती. खाली आमची चौघांची नावं होती. आजींचं नाव कुठेच नव्हतं, कारण ते आम्ही विचारलंच नव्हतं.

◆

स्टडी टूरवर टीका करणं सोपं आहे, आणि मला ते करायचं नाहीये. त्या तीन दिवसांत मी खरंच पुष्कळ शिकले. कुडाच्या भिंतीतून वारा कसा खेळतो, हे पुस्तकात वाचून कळलं नसतं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी भाताचं रोप त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माणसाने आपल्या पिन कोडच्या बाहेर पडावं, परक्या चुलीपाशी बसावं, हे मला आजही पटतं.

पण आम्ही काय पाहिलं आणि काय पाहायचं टाळलं, हेही आठवतं. पाड्यावर घरकुल योजनेतली सिमेंटची घरं होती. त्यातलं एकही आम्ही मोजलं नाही. एका कुडाच्या घरावर डिश अँटेना होती, तर फोटो काढताना आमच्यातला एकजण कोन बदलून बदलून ती फ्रेमबाहेर ठेवत होता. संध्याकाळी आमच्यासाठी तारपा नाच ठेवला होता. भोपळ्याचा तो लांब तारपा वाजवणारा दादा दिवसभर बागेत मजुरी करून आला होता. मधेच त्याचा फोन वाजला, तर मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "मूड गेला यार."

कुणाचा मूड? त्याच्या घरून फोन होता.

आम्हाला संस्कृती हवी होती, पण तिच्यात आजचा दिवस नको होता. आपल्या घरात वायफाय आलं की आपण पुढे गेलो, आणि त्यांच्या घरात डिश आली की त्यांची संस्कृती बुडाली. हा हिशेब आमच्यापैकी कुणी उघड बोललं नसतं. कॅमेरा मात्र तसाच धरला होता.

◆

एक उलटा खेळ करून बघा. समजा, त्या पाड्यावरची वीस मुलं अभ्यासासाठी तुमच्या सोसायटीत आली. हातात टेप आणि वही. तुमच्या स्वयंपाकघराची रुंदी मोजली. देवघराचा फोटो काढला. मग विचारू लागली: आजोबा वेगळ्या खोलीत एकटे का जेवतात? कामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा का? तीन माणसांना चार खोल्या कशाला लागतात? गणपतीत नाचता तसं जरा आत्ता नाचून दाखवा ना.

तुम्ही त्यांना आत घ्याल? घेतलंत, तर त्यांनी वहीत काय लिहिलं हे वाचावंसं वाटेल की नाही? मला तर वाटेल. कपाबद्दल त्यांनी काय लिहिलंय, हे मी आधी बघेन. आणि चुकीचं लिहिलं असेल तर म्हणेन, "थांबा, हे असं नाहीये." बरोबर लिहिलं असेल, तर कदाचित जास्तच अस्वस्थ होईन.

पाहणाऱ्याची आणि पाहिलं जाणाऱ्याची बाजू नेहमी ठरलेलीच असते असंही नाही. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या, तिथे जवळपास तीन वर्षं राहिल्या आणि १८८९ साली त्यांचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक आलं. त्या काळात गोरे लोक हिंदुस्थानात येऊन आपल्या चालीरीतींवर पुस्तकं लिहीत. इथे एक मराठी विधवा त्यांच्या देशात जाऊन त्यांची घरं, संस्था, बायकांची कामं पाहत होती. बायकांच्या संघटनांचं तिने भरभरून कौतुक केलं. काळ्या लोकांशी आणि तिथल्या मूळ रहिवाशांशी गोरे कसे वागतात, तेही लिहायला ती कचरली नाही.

म्हणजे परक्याने आपल्याकडे पाहणं हे मुळात वाईट नाही. परक्याला ते दिसतं जे आपल्याला सवयीने दिसेनासं झालेलं असतं. पण ज्यांच्यावर लिहिलं ते अमेरिकन लोक दुबळे नव्हते. त्यांच्याकडे छापखाने होते, वर्तमानपत्रं होती. उत्तर द्यायचं झालं तर देता आलं असतं. आमच्या आजींना ते शक्य नव्हतं. आमच्या शीटवर काय आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

◆

शेवटच्या वर्षाला असताना एका व्याख्यानात वनहक्क कायद्याचा विषय निघाला. २००६ चा कायदा. जंगलजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, ती कसणाऱ्या आदिवासींना त्या जमिनीचा हक्क मागता येतो. आदिवासी कुटुंबाचा त्या जमिनीवरचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा असावा लागतो. गावाची वनहक्क समिती जागेवर येऊन पाहणी करते, दावा ग्रामसभेपुढे जातो. पुरावा म्हणून जुने सरकारी कागद चालतात, वडीलधाऱ्यांचे जबाब चालतात. आणि त्या जमिनीवरचं घर, झोपडी, बांध, सपाटीकरण हेही पुराव्यांत धरलेलं आहे.

मी वही बंद केली.

मोजणी. कागद. आजी आमच्या ड्रॉइंगबद्दल विचारतच नव्हत्या. त्यांच्या आयुष्यात टेप घेऊन येणारी माणसं जमीन मोजायला येत, आणि मोजणीनंतर कागद मिळेल या आशेवर माणसं वर्षानुवर्षं थांबत. आम्ही चौघं त्या रांगेतले आणखी चार मोजणीवाले होतो. तीन दिवस त्यांनी आम्हाला घरभर फिरू दिलं, कणगी हलवू दिली, चहा दिला. त्यातलं किती आमच्या प्रेमापोटी होतं आणि किती त्या कागदाच्या आशेपोटी, हे मला सांगता येत नाही. आणि मी त्यांना हसून सांगितलं होतं, की कागद आमच्याकडेच राहणार.

आम्ही त्या घराची उंची सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजली होती. त्या घरातली सगळ्यांत मोठी चिंता आमच्याशी समोरून बोलली, आणि ती आम्हाला ऐकू आली नाही.

◆

याच डहाणू-उंबरगाव भागात १९४५ साली गोदावरी परुळेकर किसान सभेच्या कामासाठी आल्या. वारल्यांना सावकार-जमीनदारांकडे वेठीला राबावं लागत होतं. त्या पाड्यापाड्यांवर पायी फिरल्या, लोकांमध्ये राहिल्या, वेठ बंद करण्याच्या लढ्यात उतरल्या. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्यातूनच आलं. वारल्यांचं जगणं त्यांना कळलं, कारण त्यांचं आणि वारल्यांचं काम एक होतं. चुकीचं समजलं असतं, तर ते दुसऱ्या दिवशीच्या सभेत उघडं पडलं असतं.

पण प्रत्येकाला गोदावरीबाई होता येत नाही. कॉलेज तीन दिवस देतं आणि चौथ्या दिवशी सबमिशन असतं. मग तीन दिवसांत शिकायचंच नाही का?

१९१५ साली गांधी आफ्रिकेतून परतले, तेव्हा गोखल्यांनी त्यांना वर्षभर देश फिरून पाहायला आणि तोवर सार्वजनिक प्रश्नांवर मत न द्यायला सांगितलं होतं. मला यातलं फिरणं जितकं महत्त्वाचं वाटतं, तितकंच गप्प राहणं. आम्ही तर बस हायवेला लागायच्या आधीच 'साधी माणसं, सुखी माणसं' असं लिहून स्टेटस टाकलं होतं. सुखी आहेत हे कुणाला विचारून लिहिलं?

आणि बाहेरच्याच्या येण्याने सगळं बिघडतं, असंही नाही. वारली चित्रं मूळची लग्नातली. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक लिहीत, त्यात पालघट देवी असे. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूजवळच्या गंजाड गावी पोहोचले, चित्रं कागदावर आली, आणि जिव्या सोमा मशे हा माणूस लग्नाची वाट न पाहता चित्रं काढू लागला. पुढे त्यांची चित्रं जगभर गेली, २०११ साली पद्मश्री मिळाली. एका पाहुण्याच्या नजरेने इथे दार उघडलं. फरक इतकाच की कागद आणि रंग मशे यांच्या हाती आले. काय काढायचं ते त्यांनी ठरवलं, आणि चित्राखाली नाव त्यांचं राहिलं.

आमच्या शीटवर नावं आमची होती.

◆

चार वर्षांनी मी परत गेले. एकटीच, डहाणू रोडपर्यंत लोकल आणि पुढे टमटमने. बरोबर त्या ड्रॉइंगची लॅमिनेट केलेली प्रत होती. मनात थोडी फुशारकीही होती, खोटं कशाला सांगू. आपण परत द्यायला चाललोय, आपण वेगळे आहोत, वगैरे.

कुडाचं घर नव्हतं. एका पावसाळ्यात मागची बाजू बसली, मग घरकुल मंजूर झालं. आजी नव्या घराच्या पायरीवर बसल्या होत्या. मी कोण हे त्यांना आठवलं नाही. इतकी मुलं येतात, त्या म्हणाल्या. नाव सांगितलं, त्यांचं विचारलं. मग ड्रॉइंग मांडीवर ठेवलं.

वरून पाहिलेलं घर ओळखायला त्यांना जरा वेळ लागला. मुलाने बोट फिरवत सांगितलं, हे दार, ही चूल. मग त्यांनी स्वतःचं बोट ठेवलं. कणगी इथे नव्हती, म्हणाल्या. तुम्ही मापं घ्यायला सरकवलीत आणि सरकवलेल्या जागी काढलीत. या कोपऱ्यात सून बाळंत झाली, तिथे तुम्ही 'स्टोअर' लिहिलंय. आणि देव कुठे दाखवलाय? देव दाखवलाच नव्हता. आमच्या दृष्टीने तो एक रिकामा कोनाडा होता.

सगळ्यांत जास्त मार्क मिळालेल्या ड्रॉइंगमध्ये दहा मिनिटांत तीन चुका निघाल्या.

दाव्याचं मी मुलाला विचारलं. मागची उतारावरची जमीन मागितली होती त्यापेक्षा कमी मंजूर झाली होती, उरलेल्यासाठी खटपट चालू होती. हे ड्रॉइंग कामाला येईल का, असं मी विचारलं. त्याने शांतपणे सांगितलं, की प्रश्न घराचा नाही, शेताचा आहे. शेत तुम्ही मोजलंच नव्हतं. तरी प्रत त्याने ठेवून घेतली. त्याच्या मुलीला आजीचं जुनं घर दाखवायला.

परतीच्या लोकलमध्ये मला वाईटही वाटत होतं आणि हलकंही. वाईट कशाचं ते उघड आहे. हलकं यासाठी, की पहिल्यांदाच माझी वही योग्य माणसाने तपासली होती.

शाळेपासून आपल्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ज्यांनी शिकवलं, तेच पेपर तपासतात. स्टडी टूरमध्ये नेमकं हेच उलटं होतं. शिकवतात पाड्यावरची, वाड्यावरची, बंदरावरची माणसं, आणि वही जाते शहरातल्या प्राध्यापकाकडे, जो त्या घरात आपल्याइतकाच वेळ बसलेला असतो. मग आपण कणगी चुकीच्या जागी काढतो आणि पहिले येतो.

तुमच्या कॉलेजची सहल यंदा कुठेतरी जाईलच. जरूर जा. नाच बघा, भात खा, फोटो विचारून काढा. तारपा वाजवणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी कुणी देणार आहे का, हे आधी शिक्षकांना विचारा. आणि निघताना त्या घरच्या माणसाचं नाव आणि फोन नंबर वहीत लिहून घ्या. बहुतेकांकडे फोन असतोच, आपण फ्रेममधून वगळला तरी. घरी आल्यावर जे काही लिहाल, काढाल, बनवाल, ते आधी तिकडे पाठवा. "बरोबर आहे का?" इतकंच विचारा.

उत्तर यायला वेळ लागेल. कदाचित येणारही नाही. तोवर स्टेटस टाकायची घाई करू नका.

मी शीट दुरुस्त केली आहे. कणगी जागेवर आहे, कोनाड्यात देव आहे, खाली आजींचं नाव सगळ्यांत वर आहे. शेत अजून मोजायचं राहिलंय. भात कापून झालं की ये, असं त्यांच्या मुलाने सांगितलंय.