परक्याचा धर्मग्राम कोणता?



स्थलांतरितांसाठी वर्षातून एक दिवस राखून ठेवावा असे ख्रिस्तसभेने १९१४ साली ठरवले. तेव्हापासून हा दिवस पाळला जात आहे. स्थलांतरित म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दूर देशातील निर्वासितांच्या छावण्या येतात. पण आपल्याच धर्मग्रामात पाहा. ज्या घरातले एकही माणूस परदेशात नाही असे घर विरळाच. कुणाचा मुलगा कुवेतला आहे, कुणाची सून दुबईच्या रुग्णालयात परिचारिका आहे, कुणाचे पती जहाजावर आहेत, तर कुणाचा नातू अमेरिकेत जन्मला आहे. परमेश्वर परक्यांविषयी बोलतो तेव्हा तो आपल्या घरच्यांविषयीही बोलत असतो.

लेवीयच्या पुस्तकातील एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वराने इस्राएल लोकांना आज्ञा दिली आहे. तुमच्या देशात राहणाऱ्या परक्याला देशातल्याच माणसाप्रमाणे वागवा, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, अशा अर्थाची ती आज्ञा आहे. तिचे कारणही परमेश्वर लगेच सांगतो. तुम्हीही मिसर देशात परके होता. म्हणजे नुसती दया करा एवढेच तो सांगत नाही, तर आठवण ठेवा असे सांगतो. ज्याला आपले परकेपण आठवते त्यालाच दुसऱ्याचे परकेपण समजते. म्हणून आज आपण २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे आठवू या. त्या वर्षांना फार काळ लोटलेला नाही, तरी ती आपल्या मनातून पुसट होत चालली आहेत.

२२ मार्च २०२० पासून भारतात येणारी प्रवासी विमाने बंद झाली. तीन दिवसांनी देशभर टाळेबंदी आली. संयुक्त अरब अमिरातीत तर त्याआधीच प्रार्थनास्थळे बंद झाली होती. आपली माणसे तेथे खोलीत बसून मोबाइलवर मिस्सा ऐकत होती. अनेकांची नोकरी गेली होती. आखाती देशांत राहण्याचा परवाना बहुधा नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेली की काही काळाने राहण्याचा हक्कही जातो. तेथे राहायला आधार नाही आणि घरी यायला विमान नाही, अशा कात्रीत लाखो माणसे सापडली.

७ मे २०२० रोजी वंदे भारत मोहिमेची पहिली विमाने अबुधाबी आणि दुबईहून केरळात आली. त्यासाठी दूतावासाकडे नाव नोंदवावे लागे. गरोदर स्त्रिया, आजारी, वृद्ध, नोकरी गेलेले आणि व्हिसाची मुदत संपलेले यांना आधी जागा मिळे. तिकिटाचे पैसे मात्र ज्याचे त्याने भरायचे. आल्यावर विलगीकरणात राहायचे, त्याचाही खर्च बहुतेकांना स्वतःच करावा लागला. जो पगाराविना तीन महिने बसला होता त्याच्यासाठी ही रक्कम लहान नव्हती.

त्या काळात आणखी एक विचित्र अडचण उभी राहिली. अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्या भारतीय दांपत्यांची लहान मुले तेथे जन्मल्यामुळे अमेरिकेची नागरिक होती. त्यांच्याजवळ ओसीआय कार्ड होते, पण त्या कार्डावर भारतात येण्याची सोय मार्च २०२० मध्ये स्थगित झाली होती. त्यामुळे आईबापांना विमानात बसता येत होते, तान्ह्या बाळाला येत नव्हते. २२ मे २०२० रोजी सरकारने हा नियम सैल केला आणि अशा मुलांची वाट मोकळी झाली. पण तोपर्यंत कित्येक आयांना कळून चुकले की आपल्या मांडीवरचे मूल कागदावर परके असू शकते.

जे आधीच सुट्टीवर घरी आले होते त्यांचे दुःख निराळे. एरवी सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ बाहेर राहिले तर अमिरातीतील राहण्याचा परवाना रद्द होतो. त्या काळात सवलती मिळाल्या, पण परत जाण्यासाठी तेथील सरकारची वेगळी मंजुरी हवी असे. कुवेतने ऑगस्ट २०२० पासून भारतातून थेट येणाऱ्यांना मनाई केली. मग लोक आधी दुबईला जात, तेथे चौदा दिवस स्वतःच्या खर्चाने राहत आणि पुढे जात. फेब्रुवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियाने अमिरातीतून येणाऱ्यांनाही बंदी घातली, तेव्हा वाटेवर थांबलेले वाटेवरच अडकले. त्याच वर्षी २४ एप्रिलच्या रात्री अमिरातीनेही भारताची विमाने थांबवली. ऑगस्टमध्ये थोडी वाट मोकळी झाली. भारतात ठरल्या वेळेची आंतरराष्ट्रीय विमाने पूर्ववत सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडले.

आणि खलाशी? समुद्रावरील कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार कुणालाही सलग बारा महिने जहाजावर ठेवायचे नसते. पण बंदरे उतरू देत नव्हती आणि विमाने नव्हती. २०२० च्या अखेरीस जगभरात सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही जहाजावरच होते. काहींना सतरा महिने होऊन गेले. मुंबई दिसते आहे पण उतरता येत नाही, असाही अनुभव आपल्याकडील माणसांनी घेतला. २३ एप्रिल २०२० रोजी मरेला डिस्कव्हरी या प्रवासी जहाजावरील भारतीय कर्मचारी मुंबईत उतरू शकले. त्यांत गोव्याची आणि महाराष्ट्राची माणसे होती. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १७ जून २०२० रोजी खलाशांना आणि कोळी बांधवांना खास संदेश पाठवला. तुम्ही एकटे नाहीत, तुमचा विसर पडलेला नाही, हा त्या संदेशाचा गाभा होता. खलाशांची सेवा करणारी स्टेला मारिस ही आपल्या ख्रिस्तसभेची संस्था १९२० साली ग्लासगो येथे सुरू झाली. तिच्या शंभराव्या वर्षीच खलाशांवर हा प्रसंग आला.

हे सर्व ऐकून कुणी म्हणेल की नियमच वाईट होते. तसे म्हणणे योग्य होणार नाही. साथीच्या रोगात वेगळे राहण्याचा नियम पवित्र शास्त्रातही आहे. लेवीयच्या तेराव्या अध्यायात अंगावर चट्टा दिसलेल्या माणसाला याजकाने सात दिवस वेगळे ठेवावे, मग पुन्हा तपासावे, असे सांगितले आहे. आज डुब्रॉव्हनिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहराने प्लेगच्या काळात, १३७७ साली, बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा ठराव केला. पुढे त्याचे चाळीस दिवस झाले आणि त्या चाळिसावरूनच क्वारंटाईन हा शब्द आला. नियमाने अनेकांचे प्राण वाचले. शिवाय नियमालाही दया दाखवता येते, हेही त्या काळात दिसले. भारतात अडकलेल्या परदेशी नागरिकांच्या व्हिसाची मुदत सरकारने शुल्क न घेता आणि दंड न लावता वाढवून दिली. इतर देशांनीही आपल्या माणसांना अशा सवलती दिल्या.

कागदपत्रांना तुच्छ मानावे असेही पवित्र शास्त्र शिकवीत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत, बाविसाव्या अध्यायात, शिपाई संत पौलाला फटके मारण्यासाठी बांधतात तेव्हा तो शांतपणे आपले रोमन नागरिकत्व पुढे करतो आणि फटके टळतात. पण तोच संत पौल फिलिप्पैकरांना लिहितो की आपले खरे नागरिकत्व स्वर्गातले आहे. इफिसकरांना तो लिहितो की तुम्ही आता परके उरलेले नाही, देवाच्या घरची माणसे झाला आहात.

तर मग खरे दुःख कशात होते? सीमेवरचा अधिकारी एकच प्रश्न विचारतो, हा माणूस आत येऊ शकतो का? तो त्याचा अधिकार आहे. पण त्या दोन वर्षांत असंख्य माणसांना दुसरा प्रश्न छळत होता. आपण आहोत तरी कुणाचे? ज्या देशाची तीस वर्षे चाकरी केली तो म्हणे तुमची मुदत संपली. मायदेश म्हणे थांबा, तुमची पाळी यायची आहे. आणि सर्व सोपस्कार करून माणूस घरी आला, की कित्येक ठिकाणी सोसायटीच्या फाटकावर वॉचमनला सांगून ठेवलेले असे, यांना वर सोडू नका. चौदा दिवस पुरे होऊनही काही माणसांना आपल्याच आळीतून खाली मान घालून जावे लागले. परदेशातील परकेपण सोसता येते, कारण ते गृहीत धरलेले असते. आपल्या दारातले परकेपण मात्र काळीज चिरते.

या प्रश्नाला ख्रिस्तसभेने उत्तर देऊन ठेवले आहे. ते आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेत, माणूस कोणत्या धर्मग्रामाचा हे ठरवण्याचे नियम आहेत. कलम १०२ सांगते की एखाद्या धर्मग्रामात कायमचे राहण्याच्या इराद्याने आलेला, किंवा पाच वर्षे राहिलेला माणूस तेथलाच होतो. आणि जो तीन महिने राहण्याच्या इराद्याने आला आहे, किंवा प्रत्यक्षात तीन महिने राहिला आहे, तोही त्या धर्मग्रामाचा ठरतो. मग तो भाड्याच्या खोलीत राहो वा बांधकामाच्या जागेवरील पत्र्याच्या शेडमध्ये राहो. ज्याचे कुठेच ठिकाण नाही, जो नुसता फिरतो आहे, त्याचे काय? कलम १०७ म्हणते की तो आता जेथे आहे, तेथील धर्मगुरू हेच त्याचे धर्मगुरू.

बंधू-भगिनींनो, हे नियम जरा शेजारी ठेवून पाहा. तेथे सहा महिने बाहेर राहिले तर हक्क जातो. येथे तीन महिने आत राहिले की हक्क मिळतो. आणि ज्याच्यापाशी काहीच नाही, त्यालाही ख्रिस्तसभा बेवारस ठेवीत नाही. या पृथ्वीवर असा एकही कॅथलिक नाही ज्याला आपले म्हणणारा धर्मग्राम नाही. आखातातल्या आपल्या मुलांना तेथील मंदिरात जागा मिळाली ती याच नियमाने. कुणी त्यांना विचारले नाही की तुमचे आजोबा या गावचे होते का.

आता हाच नियम आपल्या दाराशी आणू या. आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीत झारखंड, ओडिशा, छत्तीसगड येथून आलेली कुटुंबे राहतात. केरळच्या परिचारिका राहतात. त्यांची मराठी तोडकी आहे. ती मंदिरात शेवटच्या बाकावर बसतात आणि मिस्सा संपताच निघून जातात. तीन महिन्यांनंतर ती पाहुणी नाहीत, आपल्याइतकीच या धर्मग्रामाची आहेत. त्यांचे मूल बाप्तिस्म्यासाठी येते, किंवा त्यांच्या मुलीचे लग्न ठरते, तेव्हा कागद लागतातच. कागद मागू नयेत असे आम्ही म्हणत नाही. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नास अडथळा नसल्याचे पत्र, हे हवेच. पण कागद मागण्याआधी बसायला खुर्ची द्यावी. दाखला आणायला मजुराला रोजगार बुडवून गावी पाठवण्यापेक्षा आपल्या कार्यालयातून तेथील धर्मगुरूंना पत्र लिहावे. असे पत्र लिहायला फार वेळ लागत नाही, आणि त्या कुटुंबाची आठवड्याची मजुरी वाचते.

घर भाड्याने देताना आपण सरकारी नियमाप्रमाणे ओळखपत्र घ्यावे, करारनामा करावा. पण त्या खोलीत कोण राहते, त्यांची मुले धर्मशिक्षणाच्या वर्गाला येतात का, घरात कुणी आजारी आहे का, हेही विचारावे. घरमालकाला भाडेकरूचे आधार कार्ड पाठ असावे आणि नाव ठाऊक नसावे, हे ख्रिस्ती घराला शोभत नाही.

जी माणसे अजून परदेशात आहेत त्यांचीही आठवण ठेवू या. प्रत्येक कुटुंबाने परदेशातील आणि जहाजावरील आपल्या माणसाचे नाव कार्यालयात कळवावे, म्हणजे श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत त्यांची नावे घेता येतील. पासपोर्ट, व्हिसा आणि नोकरीच्या कराराची एकेक प्रत घरी ठेवावी. संकट येते तेव्हा दूतावास आधी हेच कागद मागतो, हे २०२० ने शिकवले आहे. आणि परतलेला माणूस आळीत दिसला की त्याने काय आणले हे विचारण्याआधी तो कसा आहे हे विचारावे.

मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे वर्णन आहे. त्या दिवशी प्रभू येशू आपला पासपोर्ट पाहणार नाही. तो परका होऊन आला तेव्हा आपण त्याला घरात घेतले का, एवढेच तो विचारील. त्याला परकेपण नवे नाही. तान्हा असतानाच मरियामाता आणि संत योसेफ यांच्यासोबत तो रातोरात मिसर देशात गेला. परत आल्यावरही त्यांना जुन्या ठिकाणी राहता आले नाही, दूर नाझरेथला बिऱ्हाड करावे लागले. पोप बारावे पायस यांनी १९५२ च्या आपल्या पत्रात याच पवित्र कुटुंबाला सर्व स्थलांतरितांचा आदर्श म्हटले आहे.

आपण प्रार्थना करू या. हे प्रेमळ पित्या, तुझ्या घरी कुणी परका नाही. दूर देशी आणि समुद्रावर असलेल्या आमच्या माणसांना सांभाळ. त्यांना तेथे चांगले शेजारी मिळोत आणि आमच्याकडे आलेल्यांना आम्ही चांगले शेजारी होवो. जे दिवस आम्ही सोसले त्यांची आठवण आमच्या मनात जागी ठेव, म्हणजे आमचे दार कुणालाही बंद दिसणार नाही. आमच्या प्रभू ख्रिस्ताद्वारे. आमेन.