रात्रपाळी आणि राहून गेलेला अध्याय

शंका : मी दिघीला राहतो, चाकणला कामाला जातो. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. वर्षभरात पवित्र शास्त्र वाचून काढायचं म्हणून १ जानेवारीला सुरुवात केली, ती लेवीयपाशी अडली. थर्ड शिफ्टहून येऊन पुस्तक उघडतो आणि तिथंच डोळा लागतो. मग दिवसभर अपराधी वाटतं. रोज न वाचणं हे पाप आहे का?

समाधान : नाही. एक अध्याय चुकला की देव खाडा मांडतो, असं शास्त्रात कुठंही नाही.

लेवीयपाशी पुष्कळांची गाडी अडते. अध्याय ११८९, दिवस ३६५; म्हणजे रोज तीनाच्या वर. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० संपेपर्यंत जानेवारी सरत आलेला असतो आणि पुढं यज्ञांचे नियम लागतात. हा वेग दिवसपाळीवाल्यालाही जड जातो.

तुम्ही १ राजे, १९ वा अध्याय काढा. एलीया थकून झुडपाखाली झोपला होता. देवदूतानं उठवलं ते खायला-प्यायला. मग पुन्हा झोपू दिलं. होरेब डोंगरावर देवाची मंद वाणी ऐकू आली ती चाळीस दिवसांची वाट चालून गेल्यावर. तेव्हा कामावरून आलात की आधी जेवा, झोपा. उठल्यावर मार्कच्या शुभवर्तमानातली पाच-सात वचनं मोठ्यानं वाचा. सोळाच अध्याय आहेत, घाई करू नका. त्यातलं एक वचन कंपनीच्या बसमध्ये मोशी येईपर्यंत मनात घोळवा.

मात्र ‘वेळ मिळेल तेव्हा वाचीन’ असं म्हणू नका. तसा वेळ कुणालाच मिळत नाही. शिफ्ट बदलली की वाचनाची वेळ बदला.

आणि वाढ रोज मोजू नका. मार्कच्या चौथ्या अध्यायातला शेतकरी बी टाकतो, झोपतो, उठतो. ते कसं रुजलं हे त्याला कळतही नाही. एखाद्या दिवशी बायकोवर ओरडायला तोंड उघडाल आणि परवा वाचलेलं आड येईल. मला वाढ अशीच दिसली आहे, घरात, आणि फार सावकाश.

शंका : माउलींची पालखी आमच्या दिघीवरून पुण्याला जाते. शेजारचे वारकरी काका रोज पुस्तक न उघडता हरिपाठ म्हणतात. आम्हाला एक स्तोत्रही धड पाठ नाही. सासूबाईंना तर वाचताच येत नाही, त्या मोबाइलवर शास्त्र ऐकतात. ते वाचनात धरायचं का?

समाधान : धरायचंच. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि सगळे लोक कान देऊन ऐकतात. घरोघरी स्वतःची प्रत ही छापखान्यानंतरची गोष्ट. माझ्या आईलाही अक्षर येत नव्हतं. संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही पोरं आळीपाळीनं वाचायचो आणि एखादा शब्द गाळला की ती चुलीपाशी बसून थांबवायची. आमच्या घरात शास्त्र सगळ्यांत जास्त तिलाच येत होतं.

पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून बायबल सोप्या मराठीत आणलं, ते कमी शिकलेल्या बायांना कळावं म्हणून. छपाईची कामं तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकाच करत. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या, पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. ते कष्ट तुमच्या सासूबाईंसारख्यांसाठीच होते.

काकांचा नेम बघून ओशाळू नका, तो उचला. ना. वा. टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीत एका अनोळखी प्रवाशानं नवा करार दिला. मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनानं ते खिळून राहिले, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांना मात्र त्यांनी सोडलं नाही. तुकोबांच्याच पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. आज आपल्या उपासनेत त्यांची भजनं गातो, तो हाच वारसा.

२३ वं स्तोत्र सहा वचनांचं आहे. सोमवारपासून रोज एक वचन सासूबाईंबरोबर म्हणा. रविवारी देवळात जाण्याआधी सगळं स्तोत्र त्यांना म्हणू द्या आणि तुम्ही ऐका.