न दिलेले सूर: छोटे व्हिडिओ, स्वतंत्र संगीत आणि अस्तेय

छोट्या व्हिडिओला गाणे लावणे ही दक्षिण आशियात आता गाणे ऐकण्याइतकीच रोजची गोष्ट झाली आहे. जून 2020 च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामच्या रील्स आल्या आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूब शॉर्ट्सचा पहिला प्रयोगही भारतातच झाला. सुरुवातीची 15 सेकंदांची मर्यादा आता 3 मिनिटांवर गेली आहे. तरी वापरला जातो तो गाण्याचा एखादाच तुकडा: मुखडा, किंवा ठेका उचल खातो ती जागा. यातली बरीच गाणी चित्रपटातली नसतात. कोणी घरच्या खोलीत रचलेली, पदरचे पैसे घालून ध्वनिमुद्रित केलेली आणि एखाद्या डिस्ट्रिब्युटरमार्फत साऱ्या ॲपवर पोचवलेली ती स्वतंत्र गाणी असतात. दुसऱ्याच्या सुरांवर आपले चित्र चढवण्याच्या या व्यवहाराला कायदा आहे, बाजार आहे. त्याखाली मात्र एक जुना धार्मिक प्रश्न आहे: ज्यातून मालकाचे काहीच कमी होत नाही, असे काही घेतले तर ती चोरी होते का?

रोजच्या बोलण्यातले उत्तर ठरलेले आहे: ‘त्याचे काय गेले?’ भाकरी चोरली तर कोणी तरी उपाशी राहते. गाण्याचा तुकडा उचलला तरी गाणे जागच्या जागी असते, उलट ते चार लोकांपर्यंत जास्त पोचते. नुकसान हीच चोरीची खूण मानली तर हा युक्तिवाद बिनतोड आहे. भारतीय धर्मपरंपरांनी मात्र चोरीची व्याख्या नुकसानावर उभारलेली नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात चोरी म्हणजे न दिलेले घेणे, एवढीच अट आहे. बौद्ध पंचशीलातले दुसरे शील हेच सांगते. 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या लाखो घरांत आणि विहारांत ते रोज म्हटले जाते. योगसूत्रांवरील व्यासभाष्य आणखी आत जाते. त्याच्या मते अस्तेय म्हणजे परक्या वस्तूची हावच नसणे. तिन्ही ठिकाणी नजर घेणाऱ्यावर आहे. मालकाच्या कोठीत काय उरले, हे कोणी मोजत बसत नाही.

संयुत्त निकाय या पाली बौद्ध ग्रंथातली एक छोटी कथा या प्रश्नाच्या अगदी गाभ्याशी जाते. कोसल देशातल्या एका वनात राहणारा भिक्षू भिक्षा आणून, जेवण आटोपून तळ्यात उतरतो आणि उमललेल्या कमळाचा वास घेतो. वनातली देवता त्याला हटकते: हा वास तुला कोणी दिला नव्हता, तू गंध चोरलास. भिक्षूचे म्हणणे असे की त्याने फूल तोडले नाही, उपटले नाही, फक्त दुरून हुंगले. कमळाचे कंद खणून काढणारे, फुले ओरबाडणारे लोक पुष्कळ आहेत, त्यांना कोणी का बोलत नाही? देवता उत्तर देते की ज्यांचे जगणेच मळलेले आहे त्यांच्याशी तिचे बोलणे नाही. निर्मळ राहू पाहणाऱ्याला मात्र केसाच्या टोकाएवढा दोषही ढगाएवढा दिसतो. भिक्षू वरमतो आणि विनवतो की पुन्हा असे दिसले तर सांग. त्यावर देवता साफ नकार देते. ती काही त्याच्या पदरची नोकर नव्हे. सद्गतीची वाट त्याची त्यानेच ओळखायची.

कमळाचा वास घेतल्याने कमळाचे काही जात नाही, तरीही तो घेणे इथे चोरी ठरते. अर्थात ही कसोटी संन्याशाची आहे आणि रील करणाऱ्या प्रत्येकाला ती जशीच्या तशी लावणे अन्यायाचे होईल. बौद्ध विनयातही, म्हणजे भिक्षूंच्या नियमांतही, दोषाच्या पायऱ्या आहेत. भिक्षूला संघातून कायमचे दूर करणारी चोरी पाच मासकांच्या (मासक म्हणजे त्या काळचे नाणे) किमतीपासून मानली जाते. त्याखालची चोरी हा हलका दोष, पण दोष खराच. चोरी पूर्ण व्हायला पाच गोष्टी लागतात असे अट्ठकथांनी, म्हणजे पाली टीकाग्रंथांनी, सांगितले आहे: वस्तू दुसऱ्याची असणे, ती दुसऱ्याची आहे हे माहीत असणे, चोरण्याची बुद्धी, त्यासाठीची हालचाल आणि प्रत्यक्ष घेणे. ॲपने पुढे केलेला आवाज निरागसपणे वापरणाऱ्या मुलाकडे यांतली तिसरी गोष्ट नसते, बहुधा दुसरीही नसते. त्याला चोर म्हणता येणार नाही.

मग दिलेले कशाला म्हणायचे? या बाबतीत जैन आचार्य पूज्यपादांची सर्वार्थसिद्धी ही तत्त्वार्थसूत्रावरची टीका आश्चर्य वाटावे इतकी उपयोगी पडते. साधारण पाचव्या-सहाव्या शतकातल्या या ग्रंथात एक शंका घेतली आहे: मुनी गावातून फिरताना रस्त्यावरून चालतो, वेशीतून आत येतो. ती जागा त्याला कोणी दिलेली नसते, मग तो चोर झाला का? उत्तर असे की रस्ता आणि वेस सर्वांना मोकळी आहेत, म्हणून तिथे दोष नाही. आणि म्हणूनच मुनी बंद दारातून आत जात नाही, कारण ते मोकळे सोडलेले नाही.

स्वतंत्र कलाकार जेव्हा डिस्ट्रिब्युटरच्या अर्जात रील्स आणि शॉर्ट्ससाठी गाणे देण्याच्या चौकोनात खूण करतो, तेव्हा तो वेस उघडतो. त्या यादीतून गाणे निवडले की त्याचे नाव व्हिडिओवर आपोआप येते, वापराची नोंद होते, आणि थोडे का होईना पैसे त्याच्याकडे जातात. हे देणे खरे आहे आणि त्यातून घेणे निर्दोष आहे. योहानीचे उदाहरण इथे बोलके आहे. ‘माणिके मगे हिते’ हे सिंहली गाणे सतीशन रत्नायक आणि डुलान एआरएक्स यांनी 2020 मध्ये केले होते. मे 2021 मध्ये योहानीने ते नव्याने गायले तेव्हा सतीशन स्वतः तिच्याबरोबर गायला. भारतात सिंहलीचा एक शब्दही न कळणाऱ्यांनी त्यावर व्हिडिओ केले आणि श्रीलंकेतली ही गायिका घराघरांत पोचली. कराचीच्या ल्यारी वस्तीतून आलेल्या कैफी खलीलचे ‘कहानी सुनो 2.0’ हे गाणेही 2022 मध्ये असेच सीमा ओलांडून आले.

पण एका वेशीतून गेले की गावातली सगळी दारे उघडी, असे होत नाही. स्वतःच्या बहिणीच्या हळदीचा व्हिडिओ आणि दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात यांत त्याच गाण्याचा तोच तुकडा वापरला तरी दिलेले एकाच ठिकाणी असते. इन्स्टाग्राम व्यावसायिक खात्यांना गाण्यांची पूर्ण यादी देत नाही ते याचसाठी. जाहिरातीसाठी चित्राबरोबर गाणे वापरण्याचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. तो टाळण्यासाठी दुकानदार वैयक्तिक खाते उघडतो, किंवा एखाद्या तरुण इन्फ्लुएन्सरला पैसे देऊन त्याच्या खात्यावरून व्हिडिओ करवून घेतो. इथे दार बंद आहे हे माहीत असते, आणि ते माहीत असूनच खिडकी शोधलेली असते.

तत्त्वार्थसूत्राने अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. प्रत्यक्ष चोरी न करताही व्रत कसे झिजते, त्याची ही यादी आहे: चोराला उत्तेजन देणे, चोरून आणलेला माल घेणे, राज्याचे नियम ओलांडून व्यवहार करणे, खोटी मापे वापरणे, आणि अस्सलाच्या जागी नक्कल खपवणे. व्यापारी गृहस्थासाठी केलेली ही यादी छोट्या व्हिडिओंच्या जगाला जितकी लागू पडते तितकी आजची कोणतीही नियमावली पडत नाही.

दुसरा अतिचार सर्वांत जास्त घडतो. कोणी एक जण गाणे दुसरीकडून उचलतो, आपल्या व्हिडिओला चिकटवतो, आणि ॲप त्या आवाजावर ‘ओरिजिनल ऑडिओ’ असे लिहून शेजारी त्याच्या खात्याचे नाव टाकते. पुढचे हजारो लोक ‘यूज ऑडिओ’चे बटण दाबून तोच आवाज घेतात. त्यांच्यापैकी कोणी काही चोरलेले नसते, पण गाणाऱ्याचे नाव पहिल्याच उडीत गळालेले असते. मे 2025 मध्ये भारत सरकारने पाकिस्तानी गाणी आणि मालिका दाखवू नयेत असे प्रसारण ॲपना सांगितल्यावर हा प्रश्न आणखी अवघड झाला. अधिकृत यादीतून काढून टाकलेले गाणे ‘ओरिजिनल ऑडिओ’ होऊन परत आले, तर त्या गायकाला नावही मिळत नाही आणि पैसेही नाहीत. इथे दुसरा आणि तिसरा अतिचार एकत्र येतात. पाचवा अतिचार म्हणजे गाण्याचा वेग थोडा वाढवून किंवा कमी करून, वर घुमारा चढवून ॲपच्या ओळखयंत्रणेला चकवणे. तो करणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे नेमके ठाऊक असते. ज्यांना कमळाच्या कथेतला भिक्षू फार कडक तराजूत तोलला गेला असे वाटते, त्यांनी या माणसाकडे पाहावे. इथे अट्ठकथांनी सांगितलेल्या पाचही गोष्टी हजर आहेत.

ही ओळखयंत्रणा आली म्हणजे नैतिक प्रश्न सुटला, असे मानण्याकडे कल असतो. पकडले गेले नाही तर चालते, असा हिशेब होतो. वनदेवतेने भिक्षूला दिलेला नकार नेमका याच हिशेबाला आहे: पाळत ठेवणारा बाहेर असला की घेणाऱ्याचा विवेक त्याच्याकडे गहाण पडतो.

नावाचा प्रश्न पैशांपेक्षा खोल आहे. मराठी पदरचनेत कवीचे नाव शेवटी येते. तुकोबांची नाममुद्रा अभंगाच्या अखेरच्या चरणात असते. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डक (1922–2004) यांच्या कितीतरी गीतांत ‘वामन’ हे नाव शेवटच्या कडव्यात येते. 14 एप्रिलला आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीचे जे व्हिडिओ निघतात त्यांत त्यांच्या गीतांचा मुखडा असतो, शेवटचे कडवे नसते. शतकानुशतके तोंडी परंपरेने कर्त्याचे नाव जपले ते गाण्याच्याच पोटात घालून. पूर्ण गायल्याशिवाय गाणे संपत नसे, म्हणून नाव हरवत नसे. तुकड्याची रीत नेमकी तीच जागा कापते.

यावर भक्तिपरंपरेतूनच एक आक्षेप येतो. संतांनी बोल आपले नव्हेत, देवाचे आहेत असे वारंवार म्हटले. मग त्यांच्या शब्दांवर, आणि त्याच वाटेने गाणाऱ्या आजच्या भजनी गायकाच्या सुरांवर, मालकी कसली? आक्षेप सुंदर आहे, पण त्यात एक घोटाळा आहे. ‘हे माझे नाही’ असे म्हणण्याचा अधिकार देणाऱ्याचा आहे. घेणाऱ्याने देणाऱ्याच्या वतीने ते म्हटले की त्याग उरत नाही, बळकावणे सुरू होते. ममत्व सोडणाऱ्या संतांनीही नाममुद्रा ठेवली. बोल देवाचा असला तरी तो कोणत्या तोंडून आला, याची साक्ष ठेवणे त्यांना गरजेचे वाटले.

‘पारंपरिक’ या शिक्क्याखाली जिवंत माणूस कसा झाकला जातो, हे बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्याने दाखवून दिले. तिथले लोकगायक रतन कहार यांनी 1970 च्या दशकात रचलेले ‘बड़ो लोकेर बिटी लो’ हे गाणे 2020 मध्ये बादशाहच्या ‘गेंदा फूल’मधून देशभर वाजले आणि असंख्य व्हिडिओंना लागले. सुरुवातीला त्यात कहार यांचे नाव नव्हते. लोकांनी आवाज उठवल्यावर बादशाहने त्यांना पैसे पाठवले. 2024 मध्ये कहार यांना पद्मश्री मिळाली. याच जिल्ह्यातले भुवन बड्याकर गावोगाव फिरून कच्चे शेंगदाणे विकत आणि पैशांऐवजी मोडके दागिने, जुने मोबाइल असल्या वस्तूही घेत. त्यासाठीची त्यांची आरोळी, म्हणजे ‘काचा बादाम’, कोणी तरी मोबाइलवर टिपली आणि 2021–22 च्या हिवाळ्यात तिच्यावर जग नाचले. पुढे हक्कांवरून वादही झाला. फेरीवाल्याची आरोळी रस्त्यावर उघडी असते, ती ऐकायला कोणाची परवानगी लागत नाही. ती टिपून, तिला ठेका जोडून बाजारात आणणे ही मात्र वेगळी कृती आहे आणि तिथे विचारायला माणूस समोर उभा होता.

कायदा या विचाराच्या जवळ येतो, पण अर्ध्या वाटेवर थांबतो. काही सेकंदांपर्यंतचे गाणे फुकट वापरता येते, ही समजूत सर्वत्र आहे. 1957 च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात अशी सेकंदांची सूट कुठेही नाही. त्याच कायद्याचे कलम 57 कर्त्याला दोन हक्क देते: कृती आपली आहे असे सांगण्याचा, आणि तिची मोडतोड करून आपली प्रतिष्ठा घालवणाऱ्याला अडवण्याचा. पैशाचे हक्क विकून टाकले तरी हे उरतात. मात्र ते बजावायला न्यायालयात जावे लागते, आणि घरच्या खोलीत गाणे करणाऱ्याला ते परवडत नाही.

स्वतंत्र संगीताच्या बाबतीत कर्तव्य अधिक स्पष्ट होते ते एका साध्या कारणाने. मोठ्या कंपनीच्या गाण्यात दाता कोण हे शोधणे कठीण असते: गीतकार, संगीतकार, निर्माता, कंपनी यांच्यात ते वाटलेले असते. स्वतंत्र गायकाच्या बाबतीत ती बहुधा एकच व्यक्ती असते. तिचे खाते त्याच ॲपवर असते आणि एका संदेशात तिला विचारता येते. ‘मुखडा वापरू का, दुकानासाठी आहे, किती द्यावे?’ एवढा तो संदेश असतो. विचारणे इतके सोपे असताना न विचारता घेणे, याला अज्ञानाची सबब उरत नाही.

खरोखर निनावी गाण्यांचे काय, हा प्रश्न उरतो. ओव्या, लग्नगीते, पाळणे यांचा कर्ता सांगता येत नाही. सर्वार्थसिद्धीच्या मते जिथे देणे-घेणे शक्य आहे तिथेच चोरीची भाषा लागू होते. त्या न्यायाने अशा गाण्याचे शब्द आणि चाल घेण्यात दोष नाही. पण ते आज गाणारा गळा निनावी नसतो. पश्चिम राजस्थानातले लंगा आणि मांगणियार गायक पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक यजमानांच्या घरी जन्म-लग्नाला गात आले आहेत. गाणे समाजाचे, पण गाण्याच्या मोबदल्याचा आणि मानाचा व्यवहार ठरलेला, आणि कोणी कोणाकडे गायचे हेही ठरलेले. किल्ल्याच्या दारात किंवा हॉटेलच्या अंगणात बसलेल्या अशा गायकाला पर्यटक मोबाइलवर टिपतो तेव्हा चाल निनावी असली तरी आवाज त्या माणसाचा असतो. त्याला नाव आणि गाव विचारून ते व्हिडिओखाली लिहायचे आणि त्याची बिदागी त्याच्या हाती ठेवायची, इतके देणे तिथे लागू होते.