कुत्र्यानं खाल्लेली लिपी

नागालँडमधले आओ नागा सांगतात की लिहिण्याची विद्या एके काळी त्यांच्याकडेही होती. जनावराच्या कातड्यावर अक्षरं काढलेली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती दिसावीत, शिकता यावीत म्हणून ते कातडं भिंतीवर टांगलं होतं. एके दिवशी आसपास कोणी नसताना एका कुत्र्यानं ते खाली ओढलं आणि खाऊन टाकलं. तेव्हापासून चालीरीती, कुळांच्या हकिगती, गाणी, सगळं काही एका पिढीनं दुसरीला तोंडानंच सांगायचं, असं चालत आलं.

ही कथा वाचणारे बहुतेक जण तिच्यात निरक्षरतेची खंत पाहतात. मला तिच्यात एक जुना, शहाणा इशारा ऐकू येतो. जे एकाच कातड्यावर होतं ते एका कुत्र्यानं संपवलं. नंतर तेच ज्ञान गावोगावच्या शेकडो माणसांच्या डोक्यांत वाटलं गेलं आणि टिकलं. आज नागा कथा पुन्हा भिंतीवर टांगल्या जात आहेत: पुस्तकांत, ध्वनिफितींत, मोबाइलच्या पडद्यावर. ते व्हायलाच हवं. पण टांगताना आपण एकच कातडं टांगत आहोत का, हा प्रश्न मला सतावतो. माझं म्हणणं एवढंच आहे: नागा कथा जपायच्या असतील तर त्यांचे पाठभेद जपावे लागतील. एकच नीटनेटकी, सर्वमान्य प्रत तयार करून ती शाळेत नेमली, की जतन झालं असं मानणं धोक्याचं आहे.

आपल्या वाचनसंस्काराला हे चटकन पटणार नाही. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढे कुणी त्यात भर घालू नये असं बजावलं. ते काम थोरच होतं. पण त्यामुळे ‘शुद्ध पाठ एक, बाकी सगळे अपभ्रंश’ ही सवय आपल्या हाडीमाशी खिळली. ग्रंथाला लागू पडणारा हा नियम तोंडी कथेला लावला, तर कथेचा जीव जातो. हे एका उदाहरणानं सांगतो.

अंगामी आणि माओ नागांमध्ये तीन भावांची कथा आहे. एका आईचे तीन मुलगे: वाघ, आत्मा आणि माणूस. माओंच्या कथनात आई आजारी पडते आणि मुलगे पाळीपाळीनं तिच्याजवळ बसतात. वाघाची पाळी आली की तो तिचं अंग चाचपून पाहतो, कुठलं मांस चांगलं लागेल म्हणून. आत्म्याच्या पाळीला तिचं दुखणं वाढतं. माणूस जवळ असला की तिला जरा बरं वाटतं. पुढे गावात कोणी राहायचं हे ठरवण्यासाठी शर्यत लावतात. दूर ठेवलेल्या गवताच्या खुणेला जो पहिला शिवेल त्याचं गाव. आई माणसाला युक्ती सांगते. तो धावण्याऐवजी बाण मारून खुणेला शिवतो. वाघ रानात जातो, आत्मा नजरेआड होतो, माणूस गावात राहतो. मणिपूरमधल्या माखेल गावाशी ही कथा बांधलेली आहे. अनेक नागा जमाती आपली पांगापांग त्याच गावापासून मोजतात.

या कथेत माणूस जिंकतो तो फसवून, आणि आईच्या पक्षपातामुळे. जिंकणाऱ्याचेच वंशज ती सांगतात, तरीही ही गोष्ट लपवत नाहीत. ती ऐकत वाढलेल्या मुलाला रान म्हणजे हिरावून घेतलेल्या भावाचं घर वाटत असणार. अंगामी गावात वाघ मारला गेला तर थोरला भाऊ वारला असं जाहीर करून एक दिवस कामधंदा बंद ठेवत, अशी नोंद ब्रिटिश अधिकारी जे. एच. हटन यांनी 1921 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द अंगामी नागाज’ या ग्रंथात केली आहे. वाघाचं मुंडकं जबड्यात पाचर मारून वाहत्या पाण्यात ठेवत, म्हणजे आपल्याला कुणी मारलं ते तो आत्म्याला सांगू लागला तरी पाण्याची गुळगुळ तेवढी ऐकू यावी. शोक आणि भय, नातं आणि अपराध, सगळं त्या एका कृतीत आहे. वाघ थोरला की मधला, शर्यत कशी झाली, आईनं किती मदत केली, हे गाव बदललं की बदलतं. प्रत्येक बदल म्हणजे त्या गावानं आपल्या अपराधाचा केलेला वेगळा हिशेब आहे.

खेझाकेनोच्या शिळेची कथा तर याहून नाजूक. आजच्या फेक जिल्ह्यातल्या या गावात एक सपाट शिळा होती. तिच्यावर सकाळी भात वाळत घातलं की संध्याकाळी दुप्पट होई. एका म्हाताऱ्या जोडप्याचे तीन मुलगे पाळीनं तिथे भात वाळवत. पाळीवरून भांडण पेटलं. मुलं एकमेकांचा जीव घेतील या भीतीनं आईबापांनी शिळेवर लाकूडफाटा रचून पेटवून दिला. मोठा आवाज होऊन शिळा तडकली, तिच्यातला आत्मा धुरातून निघून गेला आणि मुलगे वेगवेगळ्या दिशांना गेले. त्यांच्यापासून कुठल्या कुठल्या जमाती झाल्या, यावर मात्र एकमत नाही. कुणी अंगामी, सुमी आणि लोथा म्हणतं, कुणी त्यात रेंगमांनाही धरतं. थोरलेपण, मूळ गाव, नात्याचा दावा, सगळं त्या यादीवर अवलंबून असतं. अशा कथेची एक ‘अधिकृत’ आवृत्ती छापणं म्हणजे एका गावाच्या बाजूनं निकाल देणं. ज्या कथेत समृद्धीपेक्षा भावाभावांतला सलोखा मोठा ठरला, तीच कथा वापरून नवं भांडण लावायचं का?

कथा सांगण्याची जागाही समजून घ्यायला हवी. गडचिरोलीतल्या माडियांचं गोटूल ज्यांना ठाऊक आहे त्यांना नागा गावातल्या मोरुंगची कल्पना करणं अवघड नाही. आओ त्याला अरिजू म्हणतात. वयात येणारी मुलं तिथे झोपत, थोरांची कामं करत, आणि शेकोटीभोवती गावाचा इतिहास ऐकत.

1872 साली अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी एडवर्ड क्लार्क आओंच्या डोंगरांत पोहोचले. पुढच्या काही दशकांत मोरुंग ओस पडत गेले, कारण धर्मांतरितांना तिथलं झोपणं, तांदळाची दारू, जुनी गाणी आणि सणसोहळे वर्ज्य झाले. हटन यांचे सहकारी जे. पी. मिल्स यांनी 1926 च्या आपल्या आओंवरील ग्रंथात मिशनच्या या धोरणावर उघड टीका केली. पण त्याच मिशननं आओ भाषेला रोमन लिपी दिली, शब्दकोश दिला, शाळा दिल्या. कातडं परत मिळालं आणि त्याच सुमारास शेकोटी विझत गेली. नागा लोकांनी हा धर्म मनापासून स्वीकारला आहे. 2011 च्या जनगणनेत नागालँडची सुमारे 88 टक्के लोकसंख्या ख्रिस्ती होती. त्यामुळे ‘बाहेरच्यांनी संस्कृती बुडवली’ एवढंच म्हणून थांबणं त्यांच्या निवडीचा अपमान करणारं आहे. त्यानंतर 1950 च्या दशकात सशस्त्र संघर्ष पेटला, गावं जाळली गेली, माणसं रानात लपली. म्हातारी माणसं त्यात गेली आणि त्यांच्याबरोबर किती कथनं गेली याची मोजदाद कुणाकडे असणार?

माझी आजी ओव्या म्हणायची, पण नुसतं ‘म्हण’ म्हटलं की तिला आठवत नसत. हात जात्याच्या खुंट्यावर असल्यासारखा फिरू लागला की ओळी येत. पिठाची गिरणी गावात आल्यावर जातं कोपऱ्यात गेलं आणि तिच्या ओव्याही गप्प झाल्या. फेकमधल्या चाखेसांग शेतकऱ्यांवरचा ‘खो की पा लू’ हा 2017 चा माहितीपट पाहताना मला तिचा तो फिरणारा हात आठवला. डोंगरउतारावरच्या पायऱ्यांच्या भातखाचरांत माणसं रांगेनं कुदळ चालवत गातात. एकाचा स्वर दुसऱ्याच्या स्वरात अडकून पुढे सरकतो. ते गाणं एकट्यानं म्हणता येत नाही आणि रिकाम्या हातांनी म्हणावंसंही वाटत नसेल. अशा गाण्याचे शब्द तेवढे टिपून घेतले, तर हाती काय राहील?

म्हणून नोंद करणाऱ्याचा पिंड कसा आहे, याला महत्त्व येतं. आओ लेखिका तेमसुला आओ 1985-86 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर मिनेसोटाला गेल्या. तिथल्या मूलनिवासी अमेरिकन समाजाशी आलेल्या संबंधातून आपल्या लोकांची मौखिक परंपरा नोंदवण्याची निकड त्यांना जाणवली. परत आल्यावर त्या वर्षानुवर्षं आओ वृद्धांचं ऐकत राहिल्या. त्यातून सिद्ध झालेला ‘द आओ-नागा ओरल ट्रॅडिशन’ हा ग्रंथ 1999 साली बडोद्याच्या भाषा संस्थेनं छापला. भोरला जन्मलेल्या गणेश देवींनी उभी केलेली ही संस्था. तेमसुलाबाईंना त्या कथा केवळ कथा म्हणून नको होत्या. लुंगतेरोकच्या सहा शिळांमधून तीन पुरुष आणि तीन स्त्रिया बाहेर आल्या, ही आओंची उत्पत्तिकथा. तिच्यातून कुळं कशी ठरतात, कुणाचं लग्न कुणाशी होऊ शकत नाही, हे सगळं उलगडत जातं. आपल्याच समाजाच्या स्त्रीनं ते लिहिल्यामुळे कथा आणि जगणं यांच्यामधला टाका उसवला नाही.

ईस्टरीन किरे यांनी दुसरी वाट धरली. त्या नॉर्वेत राहतात, इंग्रजीत लिहितात आणि लोककथेतून कादंबरी घडवतात. चांग जमातीत सांगितल्या जाणाऱ्या महाअंधाराच्या कथेवर त्यांची ‘स्पिरिट नाइट्स’ उभी आहे; 2024 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. त्या स्वतः अंगामी. दुसऱ्या जमातीची कथा इंग्रजीत आणण्यावर कुणी आक्षेप घेईल. मला तो आक्षेप टिकणारा वाटत नाही. नागालँडच्या विधानसभेनं 1967 साली इंग्रजीला राजभाषा केलं, कारण जमातीगणिक भाषा वेगळी आहे. शेजारच्या जमातीची कथा अनेकांना इंग्रजीतून किंवा नागामीज बोलीतूनच कळते. शिवाय कादंबरी ‘ही मूळ कथा’ असा दावा करत नाही. ती आणखी एक कथन म्हणून रांगेत येऊन बसते, आणि जुनी कथनं तिच्यामुळे उठून जात नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती गोड केलेल्या बालपुस्तकांची. तिथे वाघाची फसवणूक ‘हुशारी’ होते, शत्रूची मुंडकी आणण्याच्या जुन्या चालीचा उल्लेख पुसला जातो आणि शेवटी चौकटीत तात्पर्य छापलं जातं. ज्यांनी मुलांना या कथा अंधारात, शेकोटीजवळ सांगितल्या त्यांना मुलांच्या मनाची काळजी नव्हती असं थोडंच आहे? मुलांना भीती वाटावी आणि त्या वेळी शेजारी थोरलं माणूस असावं, एवढी व्यवस्था त्यांनी केली होती. पुस्तकाला शेजारी बसता येत नाही, म्हणून ते भीतीच काढून टाकतं.

काम कसं करावं याचा एक नमुना आपल्याकडेच आहे. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आज त्या ऐकताना गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव सोबत असतं. एकीची ओळ दुसरीच्या गावात थोडी वेगळी होऊन भेटते आणि दोन्ही शेजारी नांदतात. नागा कथांच्या बाबतीत हे अधिकच गरजेचं आहे. सांगणाऱ्याची परवानगी असेल तर त्याचं नाव, त्याचं कुळ, गाव, सांगण्याचा ऋतू आणि समोर कोण बसलं होतं, इतकं तरी कथेबरोबर राहावं. अनुवाद द्यावा, पण मूळ भाषेतला आवाज आधी. आणि प्रत त्या गावात असावी, निव्वळ दूरच्या संग्रहालयात नको. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयातले आपल्या पूर्वजांचे अवशेष परत आणण्यासाठी नागा समाज 2020 पासून बोलणी करत आहे. शंभर वर्षांपूर्वी बाहेर गेलेल्या कथांचीही अशीच परतपाठवणी व्हायला हवी. छापील कथन गावात मोठ्यानं वाचून दाखवावं आणि लोकांनी त्यात खोट काढावी.

खोट निघेलच. ध्वनिमुद्रण चालू असताना मागून एखादी म्हातारी मध्येच तोंड घालते, ‘नाही, असं नव्हतं, वाघ थोरला होता.’ सांगणारा थबकतो, दोघांची बाचाबाची होते, कुणी हसतं, पोरं पुढे सरकतात. संपादन करताना हा भाग गाळण्याचा मोह होतो, कारण कथा त्यामुळे तुटते. तो गाळू नका. तिचं नाव विचारा, माइक तिच्याकडे न्या, आणि वाघ थोरला होता तर पुढे काय झालं, ते तिला सांगू द्या.