पटावरचे साम्राज्य

खेळात जग जिंकणे हे पाप आहे काय, असा प्रश्न कुणी विचारला तर आपण हसून सोडून देऊ. फासा म्हणजे तलवार नव्हे, आणि पटावरचे सैन्य मेले तरी कुणाच्या घरी विधवा उरत नाही. तरीही हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

मुरबाड तालुक्यातील धसईचे नाव २०१६ च्या डिसेंबरात रोकडविरहित गाव म्हणून वर्तमानपत्रांतून गाजले. अशा गावातील एखादा मुलगा पावसाळी संध्याकाळी मोबाईलच्या पडद्यावर खंडामागून खंड पादाक्रांत करीत बसला, तर आता नवल वाटू नये. युद्धाचा खेळ आपल्याला नवा नाही. राजा, वजीर, घोडा, प्यादी घेऊन आपण पिढ्यान्‌पिढ्या बसत आलो. पण बुद्धिबळाच्या चौसष्ट घरांना नावे नाहीत; ती कुणाची शेते नव्हेत. १९५७ साली फ्रान्समध्ये आल्बेर लामोरिस याने जो पट काढला, तो मात्र पृथ्वीचा नकाशा होता. पुढे तो ‘रिस्क’ या नावाने जगभर गेला. त्यात सारे जग बेचाळीस प्रदेशांत बसवले आहे आणि हिंदुस्थान हा त्यांतला एक. (एका मुलाची आणि लाल फुग्याची निरागस चित्रकथा पडद्यावर आणणारा दिग्दर्शक तो हाच, हेही एक आश्चर्यच!) १९९१ मध्ये संगणकावर ‘सिव्हिलायझेशन’ आला. त्यात नद्या, शेते, खाणी सारे आहे, पण प्रत्येक चौकोनाची किंमत तेथून किती धान्य व किती उत्पादन निघते यावरून ठरते. कुणबी आहे, पण आकड्याच्या रूपाने.

मला खटकते ती त्या खेळातली हिंसा नव्हे. खटकते ती उंची, जेथून माणूस दिसत नाही आणि प्रदेश तेवढा दिसतो.

ही उंची खेळांनी निर्माण केलेली नाही. १४९४ साली तोर्देसियास येथे स्पेन व पोर्तुगाल यांनी महासागरावर एक रेघ ओढून जग वाटून घेतले. त्याच्या आदल्याच वर्षी सहावे अलेक्झांडर पोप यांची आज्ञापत्रे निघाली होती. आपण कॅथलिकांनी हे पान घाईने उलटू नये. त्या आज्ञापत्रांच्या आधाराने उभा राहिलेला भूमीच्या ‘शोधा’चा सिद्धांत ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा भाग नाही, असे व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी स्पष्ट केले. फार उशीर झाला, पण झाले ते योग्यच झाले. आपल्या वसईचेच पाहा. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने ती पोर्तुगीजांना दिली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकली, आणि १८०२ च्या अखेरीस त्याच वसईत पेशव्याने इंग्रजांशी तह केला. भाताच्या खाचरात उभ्या असलेल्या माणसाला यांपैकी एकदाही कुणी विचारले नाही. त्याचा सारा घेणारा बदलला. कधी कधी देवघरही बदलले.

असे असूनही पालकांनी पट हिसकावून घ्यावा, असे मी म्हणणार नाही. खेळ साम्राज्यवादाची शाळा आहे, हा आरोप मला उथळ वाटतो. पटावर हरणारा स्वखुशीने बसलेला असतो आणि पट गुंडाळल्यावर दोघे एकाच ताटात जेवू शकतात. शिवाय लोभाचा धडा तेथे फार रोकडा मिळतो. रिस्कमध्ये संपूर्ण आशिया हाती ठेवणाऱ्याला दर फेरीला सात सैन्यांचे बक्षीस आहे. परंतु आशियाचे बारा प्रदेश राखता राखता खेळाडूची दमछाक होते आणि बहुधा तेथेच त्याचे राज्य बुडते. इतिहासाच्या पुस्तकातून हे इतक्या लवकर कळत नाही.

भीती आहे ती पट गुंडाळल्यावरही त्या उंचीवरून खाली न उतरणाऱ्या माणसाची. शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, भातसा आहे. तानसाचे धरण १८९२ चे. मुंबईची तहान ज्या पाण्यावर भागते, त्यांतले मोठे पाणी येथले. आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवरच्या बायका चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात. यात कुणी कुणाचा द्वेष केला असेल असे मला वाटत नाही. कागदावर दरी होती, नदी होती, शहरापर्यंतचा उतार होता. ठाकरांचा, कातकऱ्यांचा पाडा दाखवायला त्या कागदावर चिन्हच नव्हते.

मुरबाडहून नाणेघाट चढून गेल्यावर सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख लागतो. यज्ञांची आणि दक्षिणेची ती यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे, सारे मोजून कोरलेले. त्या यज्ञांत अश्वमेधही आहे. मोकळा सोडलेला घोडा अडवला नाही तर ती भूमी राजाची, हा पटावरच्या खेळाचा पूर्वजच म्हणावा. त्या मोजदादीत घोड्याच्या वाटेवरची गावे कुठेही नाहीत.

धसईचा तो मुलगा उद्या अभियंता होईल, कदाचित तहसीलदार होईल, आणि त्याच्या टेबलावर खरा नकाशा येईल. त्या वेळी त्याच्या आजोळचा पाडा त्यावर कुठे आहे, हे त्याला बोटाने दाखवता येईल काय?