भूकंपाची वर्दी आकाशातून

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसर हादरला, तेव्हा धक्का हैदराबादलाही जाणवला. त्या दिवसापासून मराठवाडा भूकंपशास्त्रज्ञांना एकच प्रश्न विचारत आला आहे : आधी कळेल का? हैदराबादच्या हबशीगुड्यातल्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने (एनजीआरआय) कोयना आणि किल्लारीची जमीन खोलवर विंधून अभ्यासली, पण दिवस-वेळ सांगण्याचा मार्ग काही सापडला नाही. मग आशा आकाशाकडे वळते. 2011 च्या जपानच्या भूकंपाआधी सुमारे 40 मिनिटे आयनांबरातले, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातले, इलेक्ट्रॉन वाढले होते, असे जपानी शास्त्रज्ञ कोसुके हेकी यांनी मांडले आणि त्यावर मोठा वाद झाला. या ‘आधी’च्या ओढीपायी भूकंपानंतरच्या मिनिटांकडे आपले दुर्लक्ष होते, असे मला मनापासून वाटते.

जमीन वरखाली झाली की तिच्यावरची हवाही ढकलली जाते आणि ती लाट वर चढू लागते. हवा विरळ होत जाते तशी लाट फुगत जाते. खाली मिलिमीटरांत मोजायची हालचाल अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवर हजारो पटींनी मोठी झालेली असते. आठ-दहा मिनिटांत आयनांबर डुलू लागते. त्यातून येणाऱ्या जीपीएस संदेशांत सूक्ष्म फरक पडतो, तो जमिनीवरची यंत्रे टिपतात. स्फोटांचेही तसेच. 4 ऑगस्ट 2020 ला बैरूतच्या बंदरात झालेल्या स्फोटाची लाट इस्रायलमधल्या जीपीएस केंद्रांच्या नोंदींत सापडली. राऊरकेलाच्या एनआयटीतल्या संशोधकांनी हेकींबरोबर तिची ऊर्जा मोजली.

किल्लारीचा भूकंप 6.2 चा होता. अशा खुणा सहसा साडेसहाच्या वरच्या भूकंपांतच मिळतात. हजारो माणसे गेली, तरी आकाशाच्या मापाने तो धक्का लहानच.

समुद्राखालच्या महाभूकंपाची गोष्ट मात्र वेगळी. 26 डिसेंबर 2004 ला सुमात्राजवळच्या भूकंपाची तीव्रता पहिल्या काही मिनिटांत 8.0 सांगितली गेली, प्रत्यक्षात ती 9.1 होती. मोठ्या भूकंपात घाईचा अंदाज कमी पडतो. आयनांबर मात्र समुद्राचा पृष्ठभाग किती उचलला गेला, तेच दाखवते. सुनामी तामिळनाडूला पोहोचायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. वर जाणाऱ्या लाटेला दहा मिनिटे पुरली असती. त्या संहारानंतर 2007 मध्ये हैदराबादच्याच प्रगतीनगरात, इन्कॉइस या महासागर माहिती सेवा केंद्रात, देशाचे सुनामी इशारा केंद्र सुरू झाले. भूकंपमापक, समुद्रतळाचा दाब मोजणारी यंत्रे आणि भरती-ओहोटीच्या नोंदी यांवर ते चालते. त्यांच्या जोडीला आकाशाची नोंदही त्याच क्षणी तिथे पोहोचावी, असा माझा आग्रह आहे.

अडचण आहे ती आपल्या अक्षांशाची. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्यामुळे सूर्यास्तानंतर आपल्याकडचे आयनांबर स्वतःच खवळते, त्यात पोकळ्या तयार होतात आणि जीपीएसचे संदेश थरथरतात. जपानच्या आकाशावर घडवलेली गणिते इथे रात्री जशीच्या तशी लावता येणार नाहीत. भूकंपाची लाट त्या गोंधळातून वेगळी काढायची रीत इथल्याच नोंदींवरून बसवावी लागेल.